माझा साडू दारं करतो

या जगात दार ही वस्तू पुरती कळलेला एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. हे वाक्य लिहायला मला चौदा वर्षं लागली. एका घरच्या दोन मुली केलेल्या दोन पुरुषांनी एकमेकांचं कौतुक करणं आपल्याकडे रीतीला धरून नाही. सणावारी भेटावं, ‘काय, कसं काय?’ म्हणावं, एकमेकांच्या शर्टाकडे बघावं आणि घरी परतताना आपापल्या बायकोजवळ दुसऱ्याबद्दल दोन वाकडे शब्द बोलून मोकळं व्हावं, असं हे नातं. मी ते इमानेइतबारे पाळलं. मी थोरला जावई, विमा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, चारचौघांत बसवता येण्यासारखा. आणि हा धाकटा, माझ्याहून सतरा वर्षांनी लहान, मीरा रोडला माझ्या इमारतीपासून चार इमारती सोडून राहणारा. त्याचे केस विंचरलेले मी फक्त त्याच्या लग्नात पाहिले, आणि तेही मांडवात शिरेपर्यंतच.

त्याचं स्थळ आलं तेव्हा मध्यस्थाने ‘मुलगा कम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगितलं होतं. नाना, म्हणजे आमचे सासरे, पोस्टमन होते. उत्तन-डोंगरीकडचं टपाल त्यांनी आयुष्यभर वाटलं. त्यांना असली मोघम उत्तरं खपत नसत. पत्ता कसा पुरता हवा. त्यांनी पोह्यांच्या बशीवरून सरळ विचारलं, “म्हणजे नेमकं करता काय?” याने पोह्यातली मिरची बाजूला काढून ठेवली आणि म्हणाला, “दारं करतो.” नाना खूश झाले. हातात कला असलेल्या माणसाबद्दल त्यांना फार आदर. “सागवानी?” त्यांनी विचारलं. “सगळ्या प्रकारची. लाकडी, लोखंडी. एकदा दगडी केलं होतं, त्याला आठ महिने लागले.” नानांनी माझ्याकडे बघून मान हलवली. विम्याचे कागद हलवणाऱ्या जावयाला आता तरी कळू दे, असा त्या हलवण्याचा अर्थ होता. ही दारं व्हिडिओ गेममधली आहेत हे साखरपुड्याच्या दिवशी उघडकीला आलं. नाना त्याला बाजूला घेऊन म्हणाले, “म्हणजे ती दारं नाहीतच?” हा म्हणाला, “आहेत ना. हात लावता येत नाही, एवढंच.” नानांनी बराच विचार केला. “मग देवासारखंच की,” असं म्हणून त्यांनी विषय मिटवला, आणि पुढे जावयाच्या धंद्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

इंजिनिअर होऊन तो अंधेरीच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत लागला, तेव्हा त्याच्या मनात ड्रॅगन होते. प्रोग्रामिंग शिकून या धंद्यात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या मनात पहिल्या दिवशी म्हणे ड्रॅगनच असतात. साहेब म्हणाले, “ड्रॅगनच्या कामाला अजून दोन दिवस आहेत, तोवर हे एवढं दार करून टाक.” ते दार अकरा आठवडे चाललं. कारण दार उघडतं कुणीकडे? आत उघडलं, तर आत उभ्या असलेल्या माणसाचं काय करायचं? त्याला ढकलायचं, की दारानेच थांबायचं? दोघं एकाच वेळी दोन्हीकडून आले तर वाट कुणी द्यायची? पळत येणारा दार कसं उघडतो, चोरपावलांनी येणारा कसं, आणि हातात तलवार असली तर ती कुठे ठेवतो? पाठलाग करणाऱ्या राक्षसाला दार उघडता येतं का? येत नसेल, तर दारामागे बसून कुणीही गेम जिंकेल. येत असेल, तर मग दार हवंच कशाला? हा शेवटचा प्रश्न त्याने मला आमच्या घरी गणपतीची आरती चालू असताना विचारला होता, आणि मी टाळ हातात धरून उत्तर शोधत राहिलो होतो. अकराव्या आठवड्यात ते दार नीट लागलं, तोवर ड्रॅगन दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात पडले होते. पुढे कंपन्या बदलल्या, दोन तर याच्या डोळ्यांदेखत बंद पडल्या, पण जाईल तिथे दारं याच्याकडेच आली. त्यांच्यात पाणी करणारे वेगळे असतात, केस करणारे वेगळे असतात. हा दारांचा. अठरा वर्षं झाली.

अशा माणसाबरोबर बाहेर पडणं ही शिक्षा आहे. रस्त्यात तो बरा असतो. दार दिसलं की संपलं. एकदा मी त्याला पासबुक भरायला बरोबर नेलं. बँकेचं काचेचं दार त्याने उघडलं, सोडलं, ते कसं परत येतं ते मान वाकडी करून बघितलं, पुन्हा उघडलं, पुन्हा सोडलं. पाचव्या खेपेला बंदूकवाला रखवालदार उठला. “साब, अंदर जाना है कि बाहर?” हा म्हणाला, “नहीं, बस देखना है.” रखवालदाराचा हात शिट्टीकडे गेला. “हमारे साडू हैं, दिमाग से ठीक हैं,” असं मी मध्ये पडून सांगितलं, पण माझ्या आवाजात जोर नव्हता, आणि ते रखवालदाराच्याही लक्षात आलं असावं. माझ्या पुतणीच्या लग्नात तर हा ऐन मुहूर्तावर नाहीसा झाला. मला शोधायला पाठवलं. हा सापडला तो स्वयंपाकघराच्या झुलत्या दारापाशी, हातात अक्षता घेऊन, भारावून उभा. “दादा, बघा ना,” तो मला म्हणाला. “हे वेटर दारातून जाताना पाठ फिरवतात. ट्रे पोटाशी, पाठीने धक्का, आणि धक्क्याच्या आधी ‘साइड’ म्हणून ओरडतात. कुणी शिकवलं असेल हे यांना? मी दोन महिने यावर काम करतोय आणि मला पाठ फिरवायचं सुचलं नाही!” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही बघत राहिलो, आणि खरं सांगतो, एकदा बघायला लागलं की नजर हटत नाही. पुतणीची मंगलाष्टकं आम्ही दोघांनी तिथेच उभ्याने ऐकली आणि अक्षता वेटरांवर टाकल्या.

यावरून कुणाला वाटेल की त्याच्या घरची दारं पाहण्यासारखी असतील. आहेतही, पण वेगळ्या अर्थाने. न्हाणीघराची कडी तीन वर्षं तुटलेली आहे. आत गेलेल्याने गात राहायचं, हा त्या घरचा नियम. पाहुण्यांना चहाआधी तो समजावून सांगतात. माझी मेहुणी कपाळाला हात लावून म्हणते, “भावोजी, जगाला दारं करून देतात, आणि माझ्या बेडरूमचं दार लागावं म्हणून मी रोज त्यात पेपरची घडी खुपसते.” तो लॅपटॉपमधून मान वर न काढता उत्तर देतो, “घरच्या दाराला डेडलाइन नाही गं.”

आमच्या भागात कुणाच्या मुलाला गेम बनवायची लहर आली की आईबाप त्याला याच्याकडे सल्ल्याला आणतात. याची पद्धत ठरलेली. तो ना कॉलेजचं नाव सांगतो, ना कोर्सचं. एक कोरा कागद पुढे करतो आणि म्हणतो, “एका माणसाला दार उघडून आत जायचंय. काय काय लागेल ते लिही.” बहुतेकांची मजल ‘हात’ आणि ‘किल्ली’च्या पुढे जात नाही. मग हा प्रश्न विचारायला लागतो. माणसाच्या कडेवर मूल असलं तर? मागून कुत्रा आला तर? दार लागताना त्याची शेपटी मध्ये राहिली तर? तासाभरात बाप घड्याळ बघायला लागतो आणि सीए करणं किती चांगलं ते त्याला आपोआप पटतं. पेणकरपाड्याची एक मुलगी मात्र पुढच्या रविवारी परत आली, स्वतःचे बेचाळीस प्रश्न लिहून. त्यातला एक असा होता, की दार उघडणाऱ्याला आतल्यांनी बोलावलंय की तो न बोलावता आलाय? कारण न बोलावता आलेला माणूस दार हळू ढकलतो. तो कागद याने कपाटात फायलीत लावून ठेवलाय. त्या फायलीत दुसरं काहीही नाही.

मी त्याला फार दिवस हसत होतो. कुठल्या गेमची दारं करतोयस, म्हटलं तर ‘सांगता येत नाही, कंपनीचा करार आहे’ म्हणायचा, आणि गेम बाहेर येऊन सांगायची वेळ यावी, तर बऱ्याच वेळा तो गेमच मध्येच बंद करून टाकलेला असायचा. “माझी सगळ्यात चांगली दारं कुणी बघितलीच नाहीत, दादा,” असं तो एकदा म्हणाला आणि चहा फुंकत बसला. मग एका दिवाळीला त्याने मला बाहेर आलेल्या एका गेममधलं दार दाखवलं. बाजाराचा रस्ता होता, आणि एक बाई कमरेवर टोपली घेऊन घराशी आली. तिने कोपराने दार ढकललं, तिरकी होऊन आधी टोपली आत घेतली, मग स्वतः गेली, आणि आत गेल्यावर टाचेने दार लोटलं. माझी आई अगदी असंच करायची. मी ते सात वेळा बघितलं. “हे कोण बघत असेल रे?” मी विचारलं. “कुणीच नाही,” तो म्हणाला. “चुकलं तरच बघतात.” त्या दिवसापासून माझं हसणं कमी झालं. पण हा माणूस काय चीज आहे, ते मला कळलं नानांच्या दुखण्यात.

सासूबाई गेल्यावर नाना धाकटीकडे राहायला आले होते, कारण तिच्या इमारतीला लिफ्ट आहे. दर शनिवारी सकाळी ते बसने डोंगरीला जायचे. तिथे इनास नावाचा त्यांचा जुना दोस्त. इनासचा भाऊ आखातात जहाजावर होता, आणि इनासला अक्षरओळख नव्हती, म्हणून भावाची पत्रं नानाच त्याला ओट्यावर बसून वाचून दाखवायचे. पत्रं यायची थांबली, भाऊ गेला, नाना निवृत्त झाले, तरी शनिवारचं बसणं थांबलं नाही. दोघं बोलायचे किती कुणास ठाऊक, पण नाना घरी यायचे ते माणसात येऊन. मग त्यांना कंपवात झाला. हात थरथरायचा, त्याचं आम्हाला फारसं काही वाटलं नाही. पण हळूहळू एक विचित्र गोष्ट सुरू झाली. हॉलमध्ये नाना बरे चालायचे. दार आलं की पाय थांबायचे. “पाय फरशीला चिकटलेत रे,” ते म्हणायचे, आणि खरोखरच वरचं अंग पुढे आणि पाय मागे, असे थरथरत उभे राहायचे. दोनदा पडले. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. गोळ्यांनी हात थांबला, दार काही सुटलं नाही. आठ महिने डोंगरी बंद. फोन करावा, तर इनासला ऐकू येत नाही, आणि दोन म्हातारे नुसतं ‘हॅलो, हॅलो’ करून दमायचे. एके दिवशी नाना मला म्हणाले, “आता या घरातून मी निघेन तो आडवाच. तेव्हा दार काही अडवायचं नाही.” मी काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेली. घरी जाऊन मात्र मला जेवण गेलं नाही.

आमचे उपाय चालू होते. मी कवायत घेतल्यासारखा ‘एक-दोन, एक-दोन’ ओरडायचो. आमची ही त्यांचा हात धरून ओढायची. धाकटी ‘नाना, दार आलं हं, सांभाळून’ म्हणायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडायची. नाना जास्तच खिळायचे. एका रविवारी आमचा असा गोंधळ चालू असताना साडू येऊन चक्क फरशीवर बसला आणि नानांच्या पावलांकडे बघत राहिला. पाऊण तास. “अहो, मी काय गारुड्याचा नाग आहे का?” नाना चिडले. हा उठला आणि मला गॅलरीत घेऊन गेला. “दादा, हे आमच्याकडे होतं,” तो म्हणाला. “गेममधला माणूस बाजारभर नीट चालतो आणि दाराशी येऊन जागच्या जागी थरथरतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आठवडाभर दारच दुरुस्त करत बसलो. चूक दारात नव्हतीच. मी त्याला ‘दारापर्यंत जा’ सांगत होतो. तो दारापर्यंत पोचला की त्याचं काम संपलं. पुढचं पाऊल कुठे टाकायचं, ते त्याला कुणी सांगितलंच नाही. ‘दारापर्यंत’ म्हणायचंच नाही. पलीकडची जागा दाखवायची. दार आपोआप मागे पडतं. आणि आपण नानांना सकाळपासून काय सांगतोय? दार आलं, दार आलं!”

दुसऱ्या दिवशी तो पिवळ्या चिकटपट्टीची गुंडाळी घेऊन आला. पहिल्या प्रयत्नात त्याने दाराच्या बरोबर मध्ये एक जाड पट्टी मारली. नाना तिच्यापुढे रेल्वेचं फाटक पडल्यासारखे उभे राहिले. “व्हर्जन एक फेल,” असं म्हणून त्याने ती काढली. दुसऱ्या खेपेला दाराच्या अलीकडून पलीकडे ओळीने पट्ट्या मारल्या, पण स्वतःच्या पावलाच्या मापाने, आणि नानांचं पाऊल तेवढं पडेना. मग त्याने नानांचे तळवे कुंकवाच्या पाण्यात बुडवले, दोन्ही बाजूंनी आम्ही धरलं, आणि नानांना हॉलभर चालवलं. फरशीवर लाल पावलं उमटली. धाकटीने नमस्कार तेवढा करायचा बाकी ठेवला. साडू टेप घेऊन रांगत रांगत प्रत्येक पाऊल मोजत गेला आणि त्या मापाने तिसऱ्यांदा पट्ट्या मारल्या, शेवटची पार हॉलच्या सोफ्यापाशी. सगळ्यांना तंबी दिली, की दार हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. मग नानांना म्हणाला, “नाना, ती सोफ्याजवळची पट्टी दिसतेय ना? तिच्याकडे बघत एकेक पट्टी ओलांडायची.” नानांनी पाय उचलला. एक. दोन. तीन. चार. आणि नाना हॉलमध्ये होते. त्यांनी मागे वळून बघितलं. “गेलं?” त्यांनी विचारलं. “गेलं,” हा म्हणाला. मी उगाच चष्मा पुसायला घेतला.

पुढच्या आठवड्यात फिजिओथेरपीच्या बाई आल्या. त्यांनी पट्ट्या बघितल्या आणि सहज म्हणाल्या, “हो, अशा पेशंटना आम्ही हे करायला सांगतोच.” आम्हा सगळ्यांचे चेहरे पडले. हा मात्र उजळला. “म्हणजे हा बग आधीच कुणीतरी सोडवलाय! मग उत्तर बरोबर आहे आपलं.” दुसऱ्याने आधी शोध लावला म्हणून आनंदाने हात चोळणारा माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिला.

मग त्याने नानांच्या पलंगापासून इनासच्या ओट्यापर्यंतची दारं मोजली. खोलीचं, घराचं, लिफ्टमध्ये शिरायचं, लिफ्टमधून निघायचं, लॉबीचं काचेचं, सोसायटीचं गेट आणि डोंगरीच्या घराचं फाटक. सात. लॉबीत पट्ट्या मारल्याबरोबर सोसायटीचे सेक्रेटरी धावून आले. “अरे भाई, ये पीला-पीला क्या लगाया? इटालियन मार्बल है!” याने त्यांना सगळं सांगितलं, अगदी गेममधल्या थरथरणाऱ्या माणसापासून. सेक्रेटरी थोडा वेळ पट्ट्यांकडे बघत राहिले, मग झाडूवाल्याला हाक मारून म्हणाले, “सुन, पोछा मारते टाइम ये पट्टी उखडनी नहीं चाहिए, समझा क्या?” डोंगरीला मातीत चिकटपट्टी टिकणार नाही, म्हणून शुक्रवारी हा एकटाच चुन्याची पिशवी घेऊन बसने गेला आणि फाटकासमोर पांढऱ्या रेघा ओढायला लागला. रस्ता रुंद करायला मोजणीवाले आले, अशी वाडीत हाकाटी झाली. बायका जमल्या. हा लाजरा माणूस, रेघा पुऱ्या करून कुणाशी न बोलता पळत सुटला. फाटक, रेघा, पावलांचं माप सगळं चोख झालं. घरात जाऊन इनासबाबा कसे आहेत, एवढं विचारायचं राहून गेलं.

शनिवारी आम्ही तिघं निघालो. सहा दारं नानांनी अशी ओलांडली की गेटवरच्या वॉचमनने सलाम ठोकला. रिक्षात नाना सदऱ्याची घडी सारखी नीट करत होते. सातवं फाटकही चुन्याच्या रेघांवरून पार झालं. ओट्यावर पोचलो, तर बाकडं रिकामं. इनासची सून बाहेर आली, नानांना बघून तिने तोंडावर हातच ठेवला. “बाबा भायेर येत न्हाय आता. महिना झाला, पडलं, खुब्याचं हाड मोडलं. आत खाटेवर हाय.” मी साडूकडे बघितलं. तो खिसे चाचपत होता. पट्टीची गुंडाळी घरी चपलांच्या कपाटावर राहिली होती. आठवं दार त्याच्या हिशेबात नव्हतंच. त्याचा चेहरा इतका उतरला, की मला त्याची दया आली. “रुमाल द्या, दादा,” तो पुटपुटला, आणि स्वतःचा कमरेचा पट्टा सोडायला लागला. मी रुमाल काढला. आम्ही दोघं जावई त्या दाराशी गुडघ्यांवर बसून पट्टा आणि रुमाल मांडायला लागलो, आणि तेवढ्यात आमच्या डोक्यांजवळून एक पाय पलीकडे गेला. मग दुसरा. जुन्या घराचा लाकडी उंबरा होता, चांगला वीतभर उंच. नानांनी तो बघितला, ओलांडला आणि आत गेले.

खाटेवरून आवाज आला, “अरं पोस्टमन! तू आत आयलास? चालीस वर्सं भायेरच बसलास, आज आत आयलास!”

“तू बाहेर येईनास,” नाना म्हणाले, “मग काय करू?” आणि खाटेच्या कडेला बसून त्यांनी इनासचा हात आपल्या हातात घेतला.

साडू अजून गुडघ्यांवरच होता. तो त्या उंबऱ्यावरून हात फिरवत होता. “दादा, माझी सगळी दारं सपाट आहेत,” तो म्हणाला. “अठरा वर्षांत एकालाही उंबरा केला नाही. लोक अडखळतील म्हणून. आणि हा तर पाय कुठे उचलायचा तेच सांगतो.” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चौदा वर्षांत असं मी कधी केलं नव्हतं.

आम्ही तासभर बसलो. मी दोन म्हाताऱ्यांकडे बघत होतो. हा मध्येच उठून दाराशी जाऊन आला, सुनेकडून शिवणाची टेप मागून घेतली, परत केली. परतताना रिक्षात नाना आमच्या दोघांच्या मध्ये बसले आणि डोंगरी सुटायच्या आत त्यांना झोप लागली. डोकं कलंडलं ते साडूच्या खांद्यावर. मी तीस वर्षं जावई आहे, पण डोकं त्याच्या खांद्यावर. सांगायला हरकत नाही, मला हेवा वाटला. मी हळूच विचारलं, “या पट्ट्या किती दिवस चालतील?”

“फिजिओबाई म्हणतात, वर्षभर. फार तर दीड वर्ष. मग पट्ट्या दिसूनही पाय उचलणार नाहीत.”

“मग?”

“मग इनासबाबांना इकडे आणायचं,” तो खांदा न हलवता म्हणाला. “चाकाची खुर्ची सत्तावीस इंच. त्यांचं दार एकतीस, आपली लिफ्ट तीस. सगळीकडून निघते. फक्त त्या उंबऱ्यावरून खुर्ची उचलायला दोन माणसं लागतील. तुम्ही आणि मी.”

मी हो म्हणालो. मग नानांची झोप मोडू नये म्हणून रिक्षावाल्याला जरा हळू चालवायला सांगितलं.